जू, चाक आणि सरी : जाम परिसरातील उन्हाळी भाजीवाडीचा इतिहास

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव बाहेरच्या महाराष्ट्राला बहुतांशी चौरस्ता म्हणूनच परिचित आहे. नागपूरहून दक्षिणेकडे निघालेला महामार्ग साठ-पासष्ट किलोमीटरवर येथे पोहोचतो आणि दुभंगतो. त्याचा एक फाटा हिंगणघाटावरून हैदराबादच्या दिशेने, तर दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरच्या दिशेने जातो, आणि वर्ध्याकडून येणारा रस्ताही येथेच त्यांना मिळतो. या चौरस्त्याभोवतीचे शिवार कापूस, तूर आणि सोयाबीनचे आहे, आणि त्याचा लिखित इतिहास तर जवळजवळ पूर्णपणे कापसाचाच आहे. तरीही माघ-फाल्गुनात, पऱ्हाटी म्हणजे कपाशीची झाडे उपटून झाल्यावर आणि हरभरा घरी आल्यावर, विहिरीचे पाणी ज्या थोड्या वावरांना पुरते तेथे भेंडी, गवार, बरबटी, ढेमसे, काकडी, दोडके, वांगी आणि टमाटे यांची उन्हाळी लागवड होते, आणि गेल्या दीडएक दशकात या लागवडीपूर्वीची मशागत दहा ते वीस अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरकडे जाऊ लागली आहे. या बदलाचे वर्णन ‘बैल गेला, ट्रॅक्टर आला’ अशा चार शब्दांत उरकण्याची सवय सोयीची असली तरी दिशाभूल करणारी आहे. कारण भाजीच्या वावरात मोठ्या ट्रॅक्टरला बैलाची जागा कधी घेता आली नव्हती, आणि खुद्द बैलालाही तेथे मर्यादितच प्रवेश होता. पिकाच्या दोन ओळींमधले अंतर कोणी ठरवावे, माणसाच्या पावलाने, बैलाच्या जुवाने की यंत्राच्या चाकाने, या प्रश्नाभोवती भाजीवाडीचा इतिहास फिरतो, आणि वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाला तात्त्विक वादाचे रूपही येऊन गेले आहे.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. त्याचे पहिले मुख्यालय पुलगावजवळील कवठा येथे होते, आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवून ते तेथे हलवण्यात आले. नव्या जिल्ह्याच्या जडणघडणीवर कापसाच्या व्यापाराची छाप प्रारंभापासूनच होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूसपुरवठा तुटला होता, हिंगणघाटी कापसाचे नाव त्या व्यापारात आधीच झालेले होते, १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग वर्ध्यावरून नागपूरला पोहोचला आणि १८७० च्या दशकात वर्धा–हिंगणघाट–वरोरा हा फाटाही टाकला गेला. जाम तेव्हा हिंगणघाट तहसिलीत होते; जिल्ह्याला वर्धा, हिंगणघाट आणि आर्वी अशा तीनच तहसिली होत्या. मालगुजारी पद्धतीत, म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरण्याची जबाबदारी आणि गावावरील मालकी हक्क एकाच माणसाकडे देणाऱ्या व्यवस्थेत, जमीनबंदोबस्ताच्या वेळी वावरांची प्रतवारी काळी, मोरंड, खरडी आणि बरडी अशी खोलीनुसार व कसानुसार लावली जाई. काळी म्हणजे खोल, चिकण, ओल धरून ठेवणारी, मोरंड तिच्याहून थोडी हलकी, खरडी उथळ आणि मुरमाड, बरडी माळरानाची. १९०६ मध्ये रसेल यांनी संपादित केलेले जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले तेव्हा कापूस आणि ज्वारी यांनीच लागवडीखालील बहुतेक क्षेत्र व्यापलेले होते आणि ओलिताचे, म्हणजे पाणी देऊन भिजवलेले, क्षेत्र नगण्य होते. भाजीपाला या हिशेबात जवळजवळ दिसतच नाही. साराधारणेला त्याचे महत्त्व नव्हते, आणि ज्याचे महत्त्व साऱ्याला नाही त्याची नोंद कागदाला नाही, हा वसाहतकालीन दफ्तरांचा स्वभावच होता.

कागदावर नसली तरी भाजीवाडी गावाला होती. ती बहुधा गावठाणालगत, नदी-नाल्याच्या काठच्या मळीच्या पट्ट्यात किंवा विहिरीभोवती असे, आणि तिच्यात राबणारी कुटुंबे मुख्यतः माळी समाजाची असत. समुद्रपूर तालुक्यातीलच वायगाव येथील हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यावरून या कोरडवाहू मुलखातही विहिरीच्या आधाराने बागायती कसब टिकून होते याची साक्ष मिळते. या वाडीचे केंद्र मोट होते. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. ती दोराने विहिरीत सोडली जाई, बैलजोडी धावेवरून, म्हणजे विहिरीपासून उतरत गेलेल्या वाटेवरून, खाली चालू लागली की ती भरून वर येई आणि थारोळ्यात ओतली जाई, आणि तेथून पाणी पाटाने वाफ्यांत खेळे. एक मोट दिवसभर चालूनही अर्ध्या एकराच्या आतच रान भिजत असे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे : भाजीवाडीत बैलाचा खरा वाटा विहिरीवर होता, वाफ्यात नव्हता. नांगरट आणि वखरणी झाली की बैल वाडीबाहेर काढला जाई. त्यानंतर कुदळ, पावडे आणि खुरपे एवढ्यांवरच काम चाले. वाफ्याची रुंदी हात किती लांब पोहोचतो यावर ठरे. बांधावर उकिडवे बसून दोन्ही बाजूंनी निंदण करता आले पाहिजे, हाच तेथला मापदंड होता.

कापसाच्या वावरात मापदंड वेगळा होता. वखर म्हणजे लोखंडी पास बसवलेले, जमिनीचा वरचा थर कापून भुसभुशीत करणारे औत. तिफण म्हणजे तीन दात्यांचे पेरणीचे औत. आणि डवरा म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधले तण कापणारे छोट्या पासेचे औत. नांगराला आखूड जू चालते, परंतु डवरणीसाठी लांब जू लागते, कारण दोन्ही बैलांनी पिकाच्या वेगवेगळ्या तासांतून चालायचे असते आणि रोपे त्यांच्या खुरांखाली येता कामा नयेत. म्हणून ओळींतले अंतर जुवाच्या लांबीशी आणि डवऱ्याच्या पासेशी बांधलेले असे. विदर्भात कपाशी चौफुलीने लावण्याची, म्हणजे उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांनी समान अंतर ठेवण्याची, जी पद्धत रूढ झाली तिचा हेतूच डवरा दोन्ही बाजूंनी फिरवता यावा आणि निंदणाची मजुरी वाचावी हा होता. भाजीपिकांपैकी वांगी आणि मिरची यांना हे गणित थोडे लागू पडे. त्यांच्या रुंद ओळींतून पहिला महिना-दीड महिना, बैलांना मुसकी बांधून, डवरा चालवता येई. भेंडी-गवारीच्या दाट ओळींत, वेलवर्गीय भाज्यांच्या आळ्यांत आणि पालक-सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) वाफ्यांत मात्र बैल गेला की नुकसानच अधिक. जिल्ह्याची स्वतःची गवळाऊ ही गोवंशाची जात अंगाने हलकी आणि चालीला वेगवान म्हणून नावाजलेली आहे, पण हलका बैलही शेवटी चार पायांचाच असतो.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात या जिल्ह्यात भाजीवाडीला अचानक विचारविश्वात स्थान मिळाले. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातील आपली बाग आणि तिच्यातील घर गांधीजींच्या कार्यासाठी दिले, त्या जागेला मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव पडले, आणि डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ते मुख्यालय झाले. संघाची धुरा अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती. गांधीजींनी १९३५ च्या सुमारास येथे कच्च्या पालेभाज्यांच्या आहाराचे प्रयोग केले आणि त्यांविषयी ‘हरिजन’मध्ये लिहिले, मुळ्याचा, गाजराचा जो पाला सर्रास फेकला जातो तो ताटात आला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९३६ मध्ये ते शेगाव येथे राहावयास गेले, आणि त्या खेड्याचेच पुढे सेवाग्राम झाले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षणपरिषदेतून जी नयी तालीम उभी राहिली तिच्या अभ्यासक्रमात, झाकिर हुसेन समितीने सुचवल्याप्रमाणे, सूतकताई-विणकामाबरोबरच शेती आणि फळ-भाजीबाग हेही मूलोद्योग, म्हणजे ज्यांच्या द्वारे सगळे शिक्षण द्यावयाचे असे हस्तव्यवसाय, मानले गेले. कुमारप्पांनी ‘संतुलित लागवड’ या नावाने जी योजना मांडली तिचा पाया आणखी ठोस होता : एखाद्या प्रदेशातील लोकसंख्येला आहारासाठी काय काय लागते ते आधी ठरवावे, त्यावरून कोणत्या पिकाखाली किती जमीन हवी हे काढावे, आणि नगदी पिकांना उरलेली जमीन द्यावी. या आराखड्यात दर माणशी रोज आठ औंस, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमांहून किंचित अधिक, भाजी आणि त्याशिवाय कंदमुळे धरलेली होती. कापसाने व्यापलेल्या जिल्ह्यात बसून हा हिशेब मांडणे म्हणजे त्या जिल्ह्याच्या सत्तर वर्षांच्या पीकरचनेवरच प्रश्नचिन्ह लावणे होते.

याच विचारधारेतला सर्वांत टोकाचा आणि या लेखाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद प्रयोग धाम नदीकाठी पवनारला झाला. विनोबा भावे १९३८ मध्ये तेथे राहावयास आले होते. १९५० मध्ये त्यांनी परंधाम आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभला. कांचनमुक्ती म्हणजे पैशाच्या व्यवहारावाचून, स्वतःच्या श्रमाने उगवलेल्या अन्नावर जगणे. हाताने केलेल्या शेतीला विनोबा ऋषिशेती म्हणत आणि बैलाच्या साह्याने केलेल्या शेतीला ऋषभशेती. पवनारला ऋषिशेती झाली : बैल नाही, नांगर नाही, कुदळीने रान खणायचे, आणि विहिरीवरचा रहाटही बैलांऐवजी आश्रमवासीयांनीच फिरवायचा, फिरवताना गीताई म्हटली जाई. मार्च १९५१ मध्ये विनोबा पायी हैदराबादकडे गेले, १८ एप्रिलला तेलंगणातील पोचमपल्लीस भूदानाचा उगम झाला, आणि या प्रयोगाचे प्रवर्तकच पुढली तेरा वर्षे भारतभर चालत राहिले. मात्र १९५९ मध्ये पवनारला स्थापन झालेल्या ब्रह्मविद्या मंदिरातील भगिनींनी हाताने करावयाच्या शेतीची परंपरा पुढे चालवली.

ऋषिशेतीकडे केवळ अध्यात्म म्हणून पाहिले की तिच्यातला व्यावहारिक मुद्दा निसटतो. ती ज्वारीच्या वावरावर फसली असती. भाजीच्या तुकड्यावर ती जवळजवळ स्वाभाविक होती, कारण भाजीचा वाफा मुळात हाताच्याच मापाचा होता. विनोबांनी बैल ज्या शेतीतून काढला तिच्यातून तो परंपरेनेच बराचसा बाहेर होता, आणि जेथे तो खरोखर लागत होता त्या विहिरीवर त्याच्या जागी माणसे लावावी लागली. सोळा-वीस निष्ठावान माणसे रहाटाला लावणे आश्रमाला शक्य होते. कास्तकाराला, ज्याच्याकडे एक सालदार म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेला गडी असला तरी पुष्कळ, ते शक्य नव्हते.

कुमारप्पा यांची भूमिका विनोबांहून वेगळी होती, आणि ट्रॅक्टरविषयीचा त्यांचा युक्तिवाद आजही वाचण्याजोगा आहे. १९५० च्या सुमारास ग्रामोद्योग संघातून बाजूला झाल्यावर त्यांनी वर्धा जिल्ह्यातच सेलडोह येथे पन्नई आश्रम काढून शेतीचे प्रयोग केले. ‘शाश्वत अर्थव्यवस्था’ हा त्यांचा मुख्य विचार. त्यात त्यांनी साठ्यावर चालणारी अर्थव्यवस्था आणि प्रवाहावर चालणारी अर्थव्यवस्था असा भेद केला. खनिज तेल, कोळसा, लोखंड हे साठे आहेत, ते वापरले की कमी होतात आणि त्यांच्यासाठी राष्ट्रे भांडतात. वनस्पती, जनावरे, वाहते पाणी हे प्रवाह आहेत, ते पुन्हा पुन्हा भरून येतात. बैल चारा खाऊन शेण देतो आणि शेण जमिनीत परत जाते, म्हणून तो प्रवाहात मोडतो. ट्रॅक्टर साठ्यावर चालतो. हा युक्तिवाद तर्काला पक्का होता, पण त्याचे एक गृहीत पुढे काळाने काढून घेतले. ते गृहीत म्हणजे कडबा. बैल वर्षभर पोसला जातो तो ज्वारीच्या कडब्यावर, आणि १९८० च्या दशकानंतर विदर्भात सोयाबीन पसरत गेले तसतशी ज्वारी हटत गेली. रोही म्हणजे नीलगाय आणि रानडुक्कर यांच्या उपद्रवाने उरलेली ज्वारीही अनेकांनी सोडली. सोयाबीनच्या कुटाराने बैल कसाबसा जगतो, परंतु वर्षातून मोजके आठवडे काम देणारी जोडी बारा महिने विकतच्या वैरणीवर ठेवणे परवडत नाही. म्हणजे जाम परिसरातील बैल ट्रॅक्टरने हटवला त्याच्या आधीच पीकरचनेने त्याचे दाणापाणी तोडले होते.

पहिला ट्रॅक्टर या प्रदेशात आला तो भाजीसाठी नव्हताच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याची शिल्लक यंत्रे घेऊन १९४७ मध्ये भारत सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभारली, १९४९ मध्ये जागतिक बँकेने शेतीयंत्रांसाठी एक कोटी डॉलरचे कर्ज दिले, आणि मध्य भारतात कांस या खोल मुळांच्या गवताने व्यापलेल्या जमिनी मोकळ्या करण्याचे काम साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या अजस्र यंत्रांना देण्यात आले. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, आणि नागपूर त्याची राजधानी होती. काळ्या रानातला कुंदा हे चिवट गवत म्हणजे येथल्या कास्तकाराचा जुना वैरी, तो साध्या वखराला दाद देत नसे, म्हणून खोल नांगरटीसाठी भाड्याच्या ट्रॅक्टरचे आकर्षण पहिल्यापासून होते. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, १९५६ मध्ये जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९५९ मध्ये आयशरचा आणि १९६३ मध्ये महिंद्राचा ट्रॅक्टर भारतात तयार होऊ लागला, त्यानंतर पस्तीस अश्वशक्तीच्या आसपासचे यंत्र हा भारतीय शेतीचा सर्वसाधारण नमुना ठरला. जाम भागात ते नांगरटीला, मळणीला आणि कापसाची गाडी ओढायला उपयोगी पडले. भाजीच्या वावरात त्याला वळायलाच जागा नव्हती, आणि ओल्या काळ्या मातीवरून ते गेले की चाकोरी दगडासारखी घट्ट होई.

या काळात भाजीवाडीत खरा बदल घडवला तो पंपाने. तेलावरचे इंजिन आणि मागाहून आलेला विजेचा पंप यांनी मोट काही वर्षांतच इतिहासजमा केली, आणि तिच्याबरोबर वाडीतला बैलाचा सर्वांत मोठा कामाचा वाटाही गेला. पंपाने पाणी वाढवले, पाण्याने लागवडीचे क्षेत्र वाढवले, आणि वाढलेल्या क्षेत्राला कुदळ अपुरी पडू लागली. बैल वाडीतून बाहेर पडला आणि वाडी बैलाएवढी मोठी झाली, असा हा उलटा क्रम आहे. समुद्रपूर तालुक्यात पोथरा आणि लाल नाला यांसारख्या प्रकल्पांनी काही गावांना कालव्याचे पाणी दिले. रस्त्याने बाजार दिला : हिंगणघाट आणि समुद्रपूरच्या आठवडी बाजारांपलीकडे, भल्या पहाटे निघालेली गाडी नागपूरच्या महात्मा फुले भाजी बाजारात लिलावाच्या वेळी पोहोचू लागली. हा बाजार भरतो तो भाग कॉटन मार्केट म्हणून ओळखला जातो, आणि कापसाच्या मुलखातली भाजी तेथेच विकली जावी यात योगायोगापेक्षा अधिक काही शोधण्याचे कारण नाही. चौरस्त्यावरचे ढाबे हेही एक नित्याचे गिऱ्हाईक ठरले.

छोट्या ट्रॅक्टरची वंशावळ तीन ठिकाणांहून येते. ऑस्ट्रेलियात क्लिफर्ड हॉवर्ड याने १९१२ पासून फिरत्या पात्यांनी माती कालवणाऱ्या औताचे प्रयोग केले, त्यातून आजचा रोटाव्हेटर जन्मला. उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन याने १९२० च्या दशकात औत ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडून ते यंत्राचाच भाग बनवणारी जोडणी शोधली, तिच्यामुळे हलक्या ट्रॅक्टरलाही औताचा भार पेलता येऊ लागला. आणि जपानने लहान भातखाचरांसाठी लहान इंजिने बनवली. बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीने १९६७ पासून मित्सुबिशीच्या सहकार्याने हाताने धरून चालवायचा पॉवर टिलर भारतात बनवला. तो कोकणात आणि भातशेतीत चालला. काळ्या चिकण मातीत मात्र तो चालवणाऱ्याचेच खांदे मोडत असे, म्हणून वर्ध्याकडे त्याचा प्रसार मर्यादित राहिला. चार चाकांच्या, बसून चालवायच्या छोट्या यंत्राची गरज प्रथम सौराष्ट्रात तीव्र झाली, कारण तेथली जमीनही काळी, पीक कापूस-भुईमुगाचे, आणि दुष्काळाने बैल विकलेले. अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी १९९४ मध्ये मोटारसायकलला मागे दोन चाके आणि औत जोडून जी ‘बुलेट सांती’ केली तिची पुढे देशभर वाखाणणी झाली, आणि राजकोटच्या कारखानदारांनी चारचाकी छोटे ट्रॅक्टर बाजारात आणले. महिंद्रा कंपनीचा पंधरा अश्वशक्तीचा एकाच सिलिंडरचा ‘युवराज’ २०१० च्या सुमारास आला, तर २०२१ मध्ये ‘स्वराज कोड’ हा त्याहूनही अरुंद, खास भाजी-फळबागांसाठीचा प्रकार निघाला.

परंतु यंत्र बाजारात असणे आणि ते अडीच एकरवाल्याच्या दारात येणे यांत मोठे अंतर आहे. महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आले. धारणक्षेत्राच्या या प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्येच भारतातील लहान धारणक्षेत्रांविषयीच्या आपल्या निबंधात असे मांडले होते की, शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, तर त्या शेताला जोडलेले भांडवल, अवजारे आणि श्रम यांच्या प्रमाणावरून ठरते. भारतात शेत लहान आहे त्याहून त्यावर लावायचे भांडवल तोकडे आहे, आणि शेतीवर विसंबलेल्या जादा हातांना उद्योगधंद्यांत सामावणे हाच त्यावरचा उपाय आहे. शंभर वर्षांनंतर या मुद्द्याचा एक धागा, कळत-नकळत, महाराष्ट्र शासनाच्या एका योजनेत उमटलेला दिसतो. सामाजिक न्याय विभागाची ही योजना २०१२ मध्ये सुरू झाली. तिच्यात अनुसूचित जाती आणि नवबौद्ध सदस्यांच्या स्वयंसहायता बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर, त्याचे कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर ९० टक्के अनुदानावर मिळतात, कमाल किंमत साडेतीन लाख रुपये धरलेली असून त्यांपैकी दहा टक्के गटाने भरायचे असतात, आणि गटातील किमान ८० टक्के सदस्य या समाजांतील असावे लागतात. बागायती कसब आणि विहीर ज्यांच्या वाट्याला परंपरेने आली नव्हती त्यांच्या हाती मशागतीचे साधन देणारी ही तरतूद जमीन मात्र देत नाही. त्यामुळे अशा गटाला स्वतःच्या वावरापेक्षा दुसऱ्याच्या वावरात भाड्याने यंत्र चालवणेच अधिक किफायतशीर पडते, आणि ट्रॅक्टर शेतकऱ्याचा न राहता ट्रॅक्टरवाल्याचा होतो. यात वावगे काही नाही. बैलजोडीही एकेकाळी रोजाने सांगितली जात होती.

प्रत्यक्ष लागवडीपूर्वीचे काम आता असे चालते : पऱ्हाटी किंवा हरभरा निघाल्यावर रान भिजवले जाते, वाफसा आला, म्हणजे माती हाताला चिकटणार नाही इतपत ओल राहिली, की दोन पाळ्या कल्टिव्हेटरच्या आणि एक रोटाव्हेटरची दिली जाते, आणि मग सरी पाडण्याच्या औताने सरी-वरंबे किंवा रुंद गादीवाफे ओढले जातात, गादीवाफ्यावर ठिबकची नळी आणि बहुधा प्लॅस्टिकचे आच्छादन अंथरले जाते. काळ्या मातीत वाफशाची मुदत फार थोडी असते. ही माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. दोन दिवस आधी औत घातले तर लोणी, चार दिवसांनी घातले तर ढेकळे. बैलाने दोन-तीन दिवसांत व्हायचे काम छोटा ट्रॅक्टर एका सकाळीत करतो, हा त्याचा खरा लाभ आहे, कारण त्यामुळे वाफसा हातचा जात नाही. शक्तीने तो फार मोठा नाही. वेळेवर येणे हीच त्याची शक्ती.

याच वेळी ओळींमधले अंतर पुन्हा बदलले. पतनचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात काळ्या जमिनींसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत विकसित केली, तिच्यात दोन सऱ्यांमधले अंतर दीड मीटर ठेवलेले होते. ते अंतर पिकाच्या गरजेइतकेच बैलांनी ओढायच्या चाकांच्या गाड्याच्या मापावरही आधारलेले होते, कारण चाके आणि बैल दोघेही सरीतूनच चालावेत आणि वरंब्यावर कोणाचेही वजन पडू नये, हा त्यामागचा विचार होता. छोट्या ट्रॅक्टरने हाच विचार भाजीवाडीत आणला. आता वाफ्याची रुंदी हाताच्या पोहोचीवर किंवा जुवाच्या लांबीवर ठरत नाही. मागच्या दोन चाकांमधली जागा किती, यावर ती ठरते. वांग्याची ओळ चार फुटांवर की पाच फुटांवर, हे विचारताना कास्तकार आधी ट्रॅक्टर कोणाचा हे विचारतो. अरुंद यंत्रे टमाट्या-वांग्याच्या उभ्या पिकातही पहिले काही आठवडे डवऱ्यासारखी फिरवता येतात, आणि तेथे त्यांनी बैलाचे काम शब्दशः घेतले आहे.

या सोयीची किंमत मातीत दिसते. रोटाव्हेटर वरचा थर पिठासारखा बारीक करतो, पण त्याची पाती दरवेळी त्याच खोलीवर घासत असल्याने त्याखाली घट्ट पापुद्रा धरतो. उन्हाळ्यात रोज पाणी मागणाऱ्या काकडी-ढेमशाच्या मुळांना तो आडवा येतो, आणि पावसाळ्यात त्यावर पाणी साचते. जाणते कास्तकार म्हणून दोन-तीन वर्षांतून एकदा मोठ्या ट्रॅक्टरने खोल नांगरट करून घेतात, म्हणजे छोट्या यंत्राचे दुखणे मोठ्या यंत्राने निस्तरतात. शेणखत विकत घ्यावे लागते, आणि बैल नसलेल्या गावात ते महाग असते. कुमारप्पांचा हिशेब येथे पुन्हा खरा ठरतो, फक्त त्याचे उत्तर त्यांना अपेक्षित होते ते राहिलेले नाही.

ट्रॅक्टरचे काम सरीपाशी संपते. रोपवाटिकेतून आलेली टमाट्या-वांग्याची रोपे ट्रेमधून काढून ओल्या वरंब्यावर लावणे, भेंडी-गवारीचे बी बोटाने टोचणे, आठवड्याने खाडे भरणे, निंदण आणि पुढे दिवसाआड तोडणी, हे सगळे मजूर बायांच्या हातांनी होते. रोपे लावण्याची यंत्रे अस्तित्वात आहेत, पण एकरा-दोन एकरांच्या मिश्र भाजीवाडीत, जेथे एका टोकाला ढेमसे आणि दुसऱ्या टोकाला सांबार असतो, ती चालवण्यात अर्थ नाही. त्यामुळे लागवडीचा दिवस कोणता, हे पूर्वी मोटेच्या बैलांवरून आणि नंतर विजेच्या पाळीवरून ठरत असे. आता तो ट्रॅक्टर आणि मजूर बाया यांची एकाच दिवशी गाठ पडण्यावर ठरतो. कापसाची शेवटची वेचणी जर त्याच आठवड्यात आली, तर बाया तिकडे जातात, कारण वेचणीला किलोमागे मजुरी मिळते आणि भाजीच्या वावरात रोजाने. तयार सऱ्या मग दोन-चार दिवस उन्हात वाळतात, आणि त्या पुन्हा भिजवाव्या लागतात.